एक कर्ता, अनेक खाती : कमाल जमीनधारणा कायदा आणि अकलूज परिसर

प्रस्तावना

संगणकावरील सामुदायिक खेळांत एकाच खेळाडूने एकाच वेळी अनेक खाती चालविण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. 1999 साली सुरू झालेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळात दोन संगणक शेजारी मांडून एका खात्याने लढावयाचे व दुसऱ्याने त्याची शुश्रूषा करावयाची, असा प्रघात पडला. 2003 च्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये मूळ नियमानुसार एका खात्यावरील एकाच पात्राला एका वेळी कौशल्य शिकता येत असे. साहजिकच महत्त्वाकांक्षी खेळाडू दुसरे, तिसरे खाते उघडू लागले. मर्यादा माणसाला नसून खात्याला असेल, तर माणूस खाती वाढवितो. ही प्रवृत्ती संगणकाने जन्माला घातलेली नाही. 'खाते' हा शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि गावनमुना आठ-अ हे त्याचे ठिकाण होय. प्रस्तुत लेखात माळशिरस तालुक्यातील अकलूज परिसराच्या संदर्भात या प्रवृत्तीचा ऐतिहासिक विचार केला आहे.

पाणी, ऊस आणि मर्यादा

नीरेच्या काठी वसलेल्या अकलूजचे अर्थकारण कालव्याने बदलले. भाटघरच्या धरणातून नीरा उजव्या कालव्यावाटे पाणी आले आणि कोरडवाहू माळरानाची किंमत पालटली. सासवडकडील माळी बागायतदार या भागात आले. त्यांनी 1932 साली दि सासवड माळी शुगर फॅक्टरीची स्थापना केली व तिच्याभोवती माळीनगर उभे राहिले. पुढे शंकरराव मोहिते-पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1960 च्या दशकाच्या आरंभी अकलूजला सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

नेमक्या याच काळात महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, 1961 अस्तित्वात आला. तो 26 जानेवारी 1962 पासून अमलात आला. बारमाही बागायतीसाठी मर्यादा 18 एकर होती. जिरायतीसाठी ती स्थानपरत्वे 66 ते 126 एकर होती. म्हणजे कालव्याचे पाणी मिळणाऱ्या गावात मर्यादेचा फास सर्वांत घट्ट आणि जमिनीचे मोलही सर्वांत अधिक. खाती वाढविण्याचा मोह कोठे प्रबळ होणार, हे यावरून सहज उमजते.

कायदा करणाऱ्यांना या मोहाची पूर्ण कल्पना होती. म्हणूनच 4 ऑगस्ट 1959 नंतर झालेली हस्तांतरणे व वाटण्या संशयास्पद ठरवून ते क्षेत्र मूळ धारकाच्याच हिशोबात धरण्याची तरतूद केली गेली. परंतु त्या तारखेपूर्वी झालेल्या वाटण्या अबाधित राहिल्या. ज्यांच्यापर्यंत कायद्याची चाहूल आधी पोहोचते, त्यांना तारखेची भीती नसते. येथे माहितीचे अंतर हेच मालमत्तेचे अंतर ठरले.

शिवाय अभिलेखाची रचनाही विभागणीला अनुकूल होती. आठ-अ चा उतारा गावापुरता असतो. एका शिवारातील क्षेत्र दुसऱ्या शिवाराच्या उताऱ्यावर दिसत नाही, आणि तलाठ्याची नजर त्याच्या सजापलीकडे जात नाही. सर्व गावांतील क्षेत्राची बेरीज धारकाने स्वतः भरून दिलेल्या विवरणपत्रावरच बव्हंशी अवलंबून होती.

1975 च्या सुधारणेने ही फट बुजविण्याचा प्रयत्न केला. जिरायतीची मर्यादा 54 एकरांवर आली. 26 सप्टेंबर 1970 ही नवी संशय-तारीख ठरली. मुख्य म्हणजे पती, पत्नी, अज्ञान मुलगे व अज्ञान अविवाहित मुली यांचा मिळून 'कुटुंब घटक' मानून त्यांची सर्व जमीन एकत्र मोजण्यात येऊ लागली. सज्ञान मुलगा मात्र स्वतंत्र राहिला. त्यामुळे मुलाच्या जन्मतारखेच्या दाखल्याला या काळात सातबाराइतकेच महत्त्व आले.

अनेक माणसे, एक खाते

याच कायद्याची उलट बाजू खंडकऱ्यांच्या वाट्याला आली, आणि ती अधिक क्लेशकारक आहे. खाजगी साखर कारखान्यांनी कायद्यापूर्वी अनेक लहान शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या होत्या. कायद्याने मोजणी केली ती कारखान्याच्या ताब्यातील एकूण क्षेत्राची. मूळ मालक कितीही अल्पभूधारक असो, त्याचे क्षेत्र एका प्रचंड धारणेचा भाग म्हणून अतिरिक्त ठरले व 1963 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेले. माळशिरस तालुक्यातील माळीनगर व सदाशिवनगर परिसरातही हा प्रश्न दीर्घकाळ धुमसत राहिला. जमीन परत मिळण्यास प्रत्यक्ष सुरुवात झाली ती 2012 पासून. तोवर खंडपत्रावर सही करणारी पिढी बहुतांशी काळाच्या पडद्याआड गेली होती. ज्याने एका घरात चार खाती केली त्याची जमीन राहिली. आणि ज्या अनेकांची जमीन एका खात्यात गोळा झाली त्यांची गेली.

सभासद आणि मत

सहकारात मर्यादेचे स्वरूप निराळे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. परंतु घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्ती ऊस उत्पादक म्हणून सभासद होऊ शकत असल्याने एका चुलीची चार मते होणे सर्वस्वी कायदेशीर होते. कारखान्याच्या निवडणुकीत 'घर' मोजून प्रचार करण्याची रीत यातूनच रूढ झाली.

हात कोणाचा?

खेळांच्या कंपन्यांपुढेही अखेर हाच पेच उभा राहिला. त्यांनी अनेक खात्यांना सरसकट बंदी केली नाही. प्रत्येक खात्याची वर्गणी मिळत असल्याने ते त्यांच्या हिताचेही नव्हते! 'ईव्ह'च्या चालकांनी 1 जानेवारी 2015 पासून आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या चालकांनी नोव्हेंबर 2020 मध्ये मनाई केली ती एका कळीच्या दाबाने अनेक खाती एकदम हलविण्याला. खाती कितीही ठेवा, पण प्रत्येक खाते स्वतंत्रपणे चालवा, असा त्याचा अर्थ होतो. कूळकायद्यातील 'जातीने कसणे' या संकल्पनेशी याचे साम्य लक्षणीय आहे; मात्र तेथे गड्यांकरवी, स्वतःच्या देखरेखीखाली कसणेही जातीने कसण्यात धरले गेले होते.

तथापि एक भेद मूलगामी आहे. खेळातील दुसऱ्या खात्यामागे दुसरा माणूस नसतो. सातबारावरील प्रत्येक नावामागे तो असतो. पत्नीचे, मुलीचे, धाकट्या भावाचे नाव निव्वळ मर्यादेच्या सोयीसाठी लागले असले, तरी ते नाव पुढे आपला हक्क सांगू शकते. शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला. 1994 साली राज्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हिस्सा दिला. त्यानंतर सोयीपुरत्या नोंदी आणि खरे हक्क यांतील सीमा पुसट होत गेली.

2019 मध्ये पंतप्रधान किसान सन्मान निधी सुरू होताना पती, पत्नी व अज्ञान अपत्ये असे कुटुंबच एकक मानले गेले; 1975 चा 'कुटुंब घटक' जणू पुन्हा अवतरला. 2024 च्या अखेरीस राज्यात सुरू झालेल्या शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीत शेतकऱ्याची निरनिराळ्या गावांतील खाती आधारशी जोडली जाऊ लागली. आठ-अ ची गावापुरती भिंत त्यामुळे प्रथमच ओलांडली गेली आहे. ज्या बहिणीचे नाव आजवर केवळ उताऱ्यावर होते, तिच्या हाती आता तिच्या स्वतःच्या नावाचा क्रमांक येतो.