गांवचें ग्रंथालय आणि त्याचा पैसा

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके औरंगाबादेकडून आले, परतूर परभणीकडून आला. परंतु सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि तेथें गांवीं मराठी ग्रंथालय काढणें ही सोपी गोष्ट नव्हती.

राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९२९ सालच्या गश्ती क्रमांक ५३ प्रमाणें सार्वजनिक सभेस आधीं परवानगी लागे. अशा स्थितींत वाचनालय हें नुसतें पुस्तकांचें कपाट राहत नसे. चार माणसांनीं एकत्र बसून वर्तमानपत्र वाचावें, गांवच्या गोष्टी बोलाव्या, अशी ती जागा होई. परभणीचें गणेश वाचनालय १९०१ सालीं निघालें. अशा संस्थांचा आधार म्हणजे सभासदांची वर्गणी आणि देणगी. १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं परतूर येथें भरलें. एकत्र बसण्याची ओढ लहान गांवींही किती होती, हें त्यावरून दिसतें.

त्याच काळीं बडोद्यास निराळा प्रयोग चालला होता. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांस आणून राज्यभर ग्रंथालयें उभारण्याची व्यवस्था लावली. तीमधील हिशेब साधा होता. खेड्यानें वर्षास १०० रुपयांपर्यंत जी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीनें आणि तेवढीच सरकारनें द्यावी. मोठ्या गांवांस ही मर्यादा ३०० व ७०० रुपये. गांवच्या एका रुपयाचे असे तीन रुपये होत. इमारतीसही लोकांनीं तिसरा हिस्सा उभा केला, म्हणजे उरलेल्याची सोय होई. गांवानें हात हलविल्याविना कांहीं मिळत नसे. आणि हलविल्यावर सरकारास मागें सरतां येत नसे.

मुंबई इलाख्यांत फैजी समितीनें १९४० सालीं अहवाल दिला व १९४७ पासून जुन्या वर्गणीच्या ग्रंथालयांस अनुदान मिळूं लागलें. निजामाचा मुलूख या योजनेबाहेर राहिला. हैदराबादेचा स्वतःचा ग्रंथालय कायदा १९५५ सालीं झाला. पुढल्याच वर्षीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि अखेर १९६७ चा महाराष्ट्राचा कायदा येथें लागू झाला.

मद्रासच्या १९४८ च्या कायद्यानें ग्रंथालयासाठीं कर बसविला होता. महाराष्ट्रानें तो बसविला नाहीं. ग्रंथालय निधींत दरवर्षीं निदान २५ लाख रुपये घालण्याचें बंधन सरकारनें स्वतःवर घेतलें. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. मान्य खर्चाच्या शेंकडा ९० पर्यंत, परंतु वर्गाच्या कमाल मर्यादेंत, अनुदान देण्याची रीत पडली. बडोद्यांत लोकांचा हिस्सा तिसरा होता. येथें तो दहावा उरला.

ओझें हलकें झालें, पण त्याबरोबर हक्काची जाणीवही हलकी होण्याचें भय असतें. ज्या गांवास नवें ग्रंथालय व सभागृह हवें असेल, त्यानें विटांचा हिशेब करण्यापूर्वीं ग्रंथपालाचा पगार, वर्तमानपत्रें, पुस्तकबांधणी आणि दिवाबत्ती यांचा हिशेब करावा. इमारत एकदांच बांधावी लागते. दार मात्र रोज उघडावें लागतें. अनुदान उशिरां आलें तरी तें दार उघडें ठेवण्यापुरता पैसा गांवचा स्वतःचा असला पाहिजे.