टिग वेल्डिंग संच (मोटारगाडीच्या पत्राकामासाठी)

टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि पत्रा यांच्यात आर्क पेटवून, आर्गन वायूच्या आवरणाखाली धातू वितळवून सांधणारा संच. भारतातील वर्कशॉपांत या कामाला ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात. टंगस्टन सुमारे ३,४०० °से. तापमानाला वितळत असल्याने इलेक्ट्रोड सांध्यात मिसळत नाही. भर हवी असल्यास तार दुसऱ्या हाताने द्यावी लागते. १९४० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत विकसित केली. तेव्हा आर्गनऐवजी हीलियम वापरीत.

पत्राकामातील स्थान : टिगचा सांधा मिगच्या (तार यंत्रातून आपोआप पुढे सरकणाऱ्या वेल्डिंगच्या) सांध्यापेक्षा मऊ व सपाट येतो. तो हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या धातूच्या ठोकळ्याने) ठोकून समतल करता येतो, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धारात टिगला पसंती मिळते. मात्र काम सावकाश चालते, उष्णता पसरते आणि पत्रा ताणला जातो. ते टाळण्यासाठी आधी अंतराअंतरावर टाके मारून मग थोडे थोडे जोडत जातात. जस्तलेपित पत्र्यावरील जस्त सांध्यापासून घासून काढावे लागते. ते ९०७ °से.ला उकळते आणि त्याची वाफ इलेक्ट्रोड व फुफ्फुसे दोन्ही बिघडवते.

निवडीचे निकष : गाडीचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिमी. जाड असतो व त्याला सुमारे २५ ते ४० अँपिअर प्रवाह पुरतो. म्हणून कमाल २०० अँपिअरच्या आकड्यापेक्षा १० अँपिअरच्या आसपास आर्क स्थिर राहतो का, हे आधी पाहावे. इलेक्ट्रोड न टेकवता आर्क पेटवणारी हाय-फ्रिक्वेन्सी सोय असल्यास टंगस्टनचे टोक खराब होत नाही. पायाच्या पेडलने प्रवाह कमी-जास्त करता आला, तर पत्र्याला भोक पडण्याआधी उष्णता आवरता येते. पल्सची (प्रवाह आपोआप कमी-जास्त होत राहण्याची) सोयही त्याच कामी येते.

पोलादी पत्र्याला डीसी संच पुरतो. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर फोडण्यासाठी एसी प्रवाह लागतो. एसी-डीसी संच बराच महाग असल्याने ॲल्युमिनियमचे काम नियमित असेल तरच तो घ्यावा. ड्यूटी सायकलचा (ठरावीक वेळेपैकी किती वेळ संच सलग चालू शकतो, याचा) आकडा किती तापमानाला मोजला आहे, हे तपासावे; ४० °से.चा आकडा आपल्या उन्हाळ्याला जवळचा असतो. सिलिंडर, रेग्युलेटर, टॉर्च, टंगस्टन व हेल्मेट यांचा खर्च संचाच्या किमतीत धरावा.

दक्षता : काम सुरू करण्यापूर्वी गाडीची बॅटरी सोडवावी. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग जोडू नये. आर्कच्या प्रारणाने व उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

केवळ पोलादी पत्राकाम करणाऱ्या लहान गॅरेजला हाय-फ्रिक्वेन्सी आणि पेडलची सोय असलेला, १६० ते २०० अँपिअरचा एकफेजी डीसी इन्व्हर्टर संच पुरेसा ठरतो.