स्वयंभू : एका शब्दाची कुळकथा

मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, जामसावळीला पिंपळाखाली मारुती आडवा पडलेला आहे. शेंदराने माखलेल्या या मूर्तीला पाथरवटाची छिन्नी लागलेली नाही अशी श्रद्धा, म्हणून ती ‘स्वयंभू’. पूर्वी देव उभा होता. खालच्या गुप्तधनावर चोरांची नजर गेली तेव्हा तो धनावर झोपला, असे सांगतात.

शब्द मूर्तीहून फार जुना. स्वयम् म्हणजे आपणच, भू म्हणजे होणे. ईशावास्य उपनिषदात स्वयंभू आहे ते परमतत्त्व. मनुस्मृतीत अंधार सारून जग प्रकट करणारा भगवान. दगडाचा तिथे संबंधच नाही. पुढे मूर्ती घडू लागल्या, त्यांत देव आणायला प्राणप्रतिष्ठा आली, आणि या विधीवाचून देव असलेल्या पाषाणासाठी हाच शब्द रुळला. नर्मदेतल्या बाणलिंगाला प्रतिष्ठा लागत नाही. विश्वाच्या आदिकारणाचे विशेषण नदीतल्या गोट्यापर्यंत उतरले, हा प्रवास लहान नव्हे.

जामसावळीच्या शेजारच्या पांढुर्ण्यात रीत उलटी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमार या दगडफेकीच्या जत्रेत, तोडून आणलेला पळस जाम नदीच्या पात्रात रोवून पूजतात आणि शेवटी चंडीमातेला वाहतात. पळसाचा मान रोवल्यानंतरचा. जामसावळीच्या पाषाणाचा मुळातला. ही दोन्ही गावे 2023पासून एकाच पांढुर्णा जिल्ह्यात आहेत.

‘हाताने न केलेली’ प्रतिमा ख्रिस्ती परंपरेलाही ठाऊक आहे. एदेसा शहरातल्या कापडावर ख्रिस्ताचा चेहरा आपोआप उमटला, अशी श्रद्धा होती. 944 साली ते कापड समारंभाने कॉन्स्टँटिनोपलला नेले. तरी ते कापड म्हणजे ख्रिस्त नव्हे. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो, असे निकायाच्या धर्मपरिषदेने 787 मध्येच ठरवले होते. निर्माता वेगळा, निर्मिती वेगळी, ही रेघ तिथे पुसली जात नाही.

या रेघेच्या अगदी कडेला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर गेला. देव दगडात, विस्तवात, पाण्यात, फार काय दोरखंडातही आहे, हे त्याने 1526 मध्ये मान्य केले. पण देवाच्या वचनाला सोडून त्याला तिथे शोधू नये, असेही बजावले. स्वीडिश मिशनऱ्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या, ल्यूथरला मानणाऱ्या चर्चचे मध्य प्रदेशातले मुख्यालय जवळच छिंदवाड्याला आहे. जामसावळीत मात्र देव शोधायचा तो त्या दगडातच, आणि मंगळवारी-शनिवारी त्यासाठी रांग लागते.