सदाफुली आणि लहान मुलांच्या चेहऱ्यावरची गाठ

तोंडाचा कॅन्सर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर तंबाखू, गुटखा, मिश्री येते आणि ते बरोबरच आहे. पण एका दुर्मीळ गाठीचा तंबाखूशी काही संबंध नाही. ती बहुतेक वेळा लहान मुलांना होते. गालात, नाकामागे किंवा डोळ्याच्या खोबणीत. तिचे नाव रॅब्डोमायोसार्कोमा. नेहमीचा तोंडाचा कॅन्सर आतल्या अस्तरातून सुरू होतो. सार्कोमा मात्र स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा मऊ ऊतींचा. "आमचे काय चुकले?" असे आईवडील विचारतात. काहीही चुकलेले नसते.

जर्मनीतील डॉ. वेबर यांनी १८५४ मध्ये या गाठीचे वर्णन केले. पुढची शंभर वर्षे हातात सुरीच होती. खोबणीत गाठ असेल तर डोळा, पापण्या, आतले सगळे काढून टाकत. एवढे सोसूनही अनेक मुले दगावत, कारण न दिसणाऱ्या पेशी आधीच फुप्फुसापर्यंत पोहोचलेल्या असत.

चित्र बदलले ते औषधांमुळे, आणि त्यातले एक तुमच्या अंगणात आहे. १९५० च्या दशकात जमैकातून सदाफुलीची पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोहोचली. तिकडे लोक मधुमेहासाठी तिचा काढा घेत. प्रयोगात उंदरांची साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. या धाग्यावरून आधी व्हिनब्लास्टिन आणि मग त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन हाती आले. (म्हणून कोणी पाने चावू नका! पानांत हे द्रव्य अत्यल्प असते आणि झाड विषारी आहे.) दुसरे औषध अ‍ॅक्टिनोमायसिन. ते मातीतल्या जिवाणूपासून वॅक्समन यांनी १९४० मध्ये वेगळे केले. स्ट्रेप्टोमायसिनवाले तेच हे वॅक्समन. तिसरे सायक्लोफॉस्फामाइड, युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातले.

पण आजार इतका विरळ, की एका रुग्णालयात शिकण्याइतके रुग्णच येईनात. म्हणून १९७२ मध्ये अमेरिकेतील अनेक केंद्रांनी एकत्र अभ्यास सुरू केला. त्यांच्या पहिल्या अभ्यासात पाच वर्षांनी साधारण ५५ टक्के मुले हयात होती. तिसऱ्या अभ्यासात हा आकडा ७० च्या वर गेला. गाठ फक्त खोबणीपुरती असेल तर आज दहातली नऊ मुले वाचतात, बहुतेकांचा डोळाही राहतो. आधी बायोप्सी, मग केमो आणि रेडिएशन, असा क्रम असतो.

हे फुकट मिळत नाही. रेडिएशन दिलेल्या बाजूचे हाड कमी वाढते, चेहरा थोडा वाकडा दिसू शकतो, मोतीबिंदू होतो, दात नीट येत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवावी लागते.

काही आठवड्यांत एक डोळा पुढे येऊ लागला, एकाच नाकपुडीतून रक्त येऊ लागले किंवा न दुखणारी गाठ वाढू लागली, तर "दाढ सुजली असेल" म्हणून महिनाभर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा.