गाडीची पन्हळ कुठे गेली?

जुलै महिना. रात्रभर पाऊस पडून गेलाय. सकाळी तुम्ही गाडीचं दार उघडता आणि आधी नाकाला कळतं: ओल्या गोणपाटासारखा कुबट वास. मॅट उचलून बघता तर खालचं कार्पेट चिंब. काचा बंद, दारं बंद. मग पाणी आलं कुठून?

याचं उत्तर बहुतेक वेळा सिलिकॉनच्या नळीतून बाहेर येतं. 'फट दिसेल तिथे भरून टाकू!' हे उत्तर पुष्कळदा चुकतं. का चुकतं ते समजायला शंभर वर्षं मागे जावं लागेल. कारण मोटार ही झाकण लावलेला डबा कधीच नव्हती. पाणी अडवायचं थोडं आणि वाट करून द्यायची जास्त, असाच तिचा संसार चालत आला आहे.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे इंजिन लावलेल्या बग्ग्याच. छप्पर असलं तर घडीचं, कापडी. पावसात भिजणं गृहीत धरलेलं. अमेरिकेत 1919 मध्ये विकल्या गेलेल्या दहा मोटारींपैकी जेमतेम एक बंद छपराची होती. 1922 मध्ये एसेक्सने परवडणाऱ्या किमतीची बंद गाडी आणली, इतरांनी तीच वाट धरली, आणि 1927 पर्यंत हे प्रमाण दहात आठांच्या वर गेलं.

पण या 'बंद' गाड्यांचं छप्परही सबंध पत्र्याचं नव्हतं. छपराएवढा रुंद अखंड पत्रा तेव्हा पोलाद कारखान्यांतून मिळत नसे. म्हणून मधल्या भागात लाकडी पट्ट्या, त्यावर तारेची जाळी, कापूस आणि वर लेप चढवलेलं कापड. उन्हाने कापड तडकायचं, पाणी झिरपायचं, आतलं लाकूड कुजायचं. पुढे रुंद पत्रा लाटता येऊ लागला आणि जनरल मोटर्सने आपल्या 1935 च्या मॉडेलांवर अखंड पोलादी छप्पर बसवलं. त्याचं नाव 'टरेट टॉप'.

छप्पर सांधलं, पण सांधा उरलाच. छपराचा पत्रा बाजूच्या पत्र्याला जिथे जोडला जातो, तिथली कड बाहेर काढून वर वळवली की झाली पन्हळ! कौलारू घराच्या पागोळ्या जशा पन्हळीत पडून बाजूला जातात, तसं छपरावरचं पाणी दाराच्या वरून मागे-पुढे वाहून जायचं. तुमच्यापैकी अनेकांनी ही पन्हळ पाहिली आहे. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर आठवा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी आठवा, 2023 पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावलेली. दोघींच्या छपराच्या कडेने ती पन्हळ उघड दिसायची. लग्नाचं सामान लादायचं कॅरिअरसुद्धा तिलाच अडकवलेलं असे. पहिल्या मारुती 800 लाही ती होती.

मग ती गेली कुठे? 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचा थेंब न् थेंब मोजला जाऊ लागला. बाहेर आलेली प्रत्येक कड वाऱ्याला अडवते, म्हणजे इंधन खाते. 1982 ची ऑडी 100 पाहा: काचा पत्र्याच्या पातळीत, सगळं अंग गुळगुळीत. याच काळात अनेक कंपन्यांनी दाराची वरची कड छपरात वळवून घेतली. पन्हळ नाहीशी झाली नाही, ती दाराच्या आड लपली.

इथेच गोष्टीला वळण मिळालं. डोळ्यांसमोरची वाट दिसेनाशी झाली, आणि ती साफ ठेवायची असते हेही आपण विसरलो.

आजच्या गाडीत पाण्याच्या अशा चार वाटा लक्षात ठेवा. पहिली, दाराची. काच खाली जाते त्या फटीतून थोडं पाणी दारात शिरणारच. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. चिखलाने किंवा गंजरोधक लेपाने ती भोकं बुजली, की दार हलवताना आत पाणी डुचमळतं. डोअर पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बदलताना तो फाटला, की पाणी सरळ आत येतं.

दुसरी वाट समोरच्या काचेच्या तळाशी, वायपरखालच्या जाळीत. झाडाखाली गाडी लावली की तिथे पानं साचतात, निचरा तुंबतो, पाणी चढतं आणि हवा आत घेणाऱ्या तोंडातून पुढच्या सीटच्या पायाशी उतरतं.

तिसरी सनरूफची. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही. झिरपलेलं पाणी खालच्या खोबणीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांनी, खांबांच्या आतून खाली जातं. नळी तुंबली की छताचं कापड ओलं होतं. चौथी वाट डिकीच्या झाकणाभोवतीची खोबण. ती तुंबली किंवा मागच्या दिव्याचं रबर वाळलं, की स्टेपनीच्या खड्ड्यात तळं साचतं.

गळती शोधायची कशी? आधी एसीला दोषमुक्त करा. पाऊस नसताना, एसी चालवल्यावरच पायाशी पाणी येत असेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली असू शकते. पाऊसच दोषी असेल तर कार्पेट उचला, एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून साध्या पाइपने, जोर न लावता, पाणी सोडा. सुरुवात खालून करा आणि हळूहळू वर जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि चोर सापडत नाही. ओल दिसते तिथेच भोक असेल असंही नाही. पाणी तारेच्या, पत्र्याच्या आधाराने बरंच चालत जातं.

दाराच्या बीडिंगची परीक्षा कागदाने करा. पट्टी ठेवून दार लावा, ओढा. सहज निसटली तर तिथलं रबर दबलंय. काच बदलल्यानंतर गळती सुरू झाली असेल, तर संशय काच चिकटवणाऱ्या सीलंटवर. तिथे वरून लेप देऊन भागत नाही, काच काढून नीट बसवावी लागते. सनरूफच्या खोबणीत वाटीभर पाणी ओता, ते चाकाजवळ पडतंय का बघा. नळीत जोरात तार किंवा हवा घालू नका, जोड निसटतो.

आणि सापडल्यावर सुकवायला विसरू नका. कार्पेटखालचा फोम आठवडे पाणी धरून ठेवतो. वर कोरडं वाटतं, खाली पत्रा गंजतो, सीटखालच्या वायरींचे जोड सडतात. अ‍ॅम्बेसेडरमध्ये पाणी शिरलं तर पाय भिजत. आजच्या गाडीत त्याच पाण्याने एखादा नियंत्रक निकामी होऊन गाडी भररस्त्यात थांबू शकते.

म्हणून सिलिकॉनची नळी उचलण्याआधी एवढंच विचारा: ही फट आहे, की वाट? फट असेल तर बुजवा. वाट असेल तर मोकळी करा. पावसाळ्यापूर्वी आपली आजी घराची पन्हळ झाडून घ्यायची. गाडीलाही पन्हळ आहे. दिसत नाही, एवढंच.