शब्दांची कुळे आणि कामगारांचे मागणे

शब्दाचे मूळ शोधण्याची विद्या पुण्याला इंग्रजांनी शिकवली नाही. ‘हृ’ या एका धातूला उपसर्ग लागले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे निरनिराळे शब्द होतात, हे येथील पाठशाळांतला विद्यार्थीही जाणत असे. १७८६ साली कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एकच असावा, असा विचार मांडला. आपला ‘दंत’ आणि इंग्रजीतला ‘डेंटल’ यांचे नाते त्या विचाराने स्पष्ट होते.

१८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे तिची देखरेख मेजर थॉमस कँडी यांच्याकडे आली. मोल्सवर्थ यांचे अपुरे राहिलेले इंग्रजी-मराठी कोशाचे काम त्यांनीच तडीस नेले आणि १८४७ साली तो कोश प्रसिद्ध झाला. कोशात एका शब्दाचा अर्थ सापडतो. धातू कळला तर साऱ्या घराण्याची ओळख पटते.

मात्र ही किल्ली श्रमिकांच्या हाती फार उशिरा आली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, अशा त्यातील मागण्या होत्या. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. अपघाताच्या भरपाईचा कायदा व्हायला मात्र १९२३ साल उजाडले. त्याच्या नावातच ‘कॉम्पेन्सेशन’ हा शब्द होता.

आता या शब्दाचे कूळ पाहा. लॅटिनमध्ये ‘पेंड्’ म्हणजे टांगणे. तराजू टांगून तोलतात आणि पूर्वी पैसाही तोलून देत, म्हणून तोलणे व देणे हे अर्थही त्याच मुळातून निघाले. ‘सस्पेंड’ झालेला कामगार टांगणीला लागलेला. ‘पेंडिंग’ अर्ज लोंबकळणारा. ‘पेन्शन’ तोलून दिलेले. ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणजे एका पारड्यात नुकसान आणि दुसऱ्यात त्याच्या तोलाचे देणे. कारखान्याच्या फाटकाशी हा अर्थ समजावून सांगितला म्हणजे हात गमावलेला माणूसही भरपाईला मालकाचे दान समजत नाही. ते आपले येणे आहे, हे त्याला पटते.

तथापि मूळ म्हणजेच अर्थ, असेही नव्हे. आपल्या ‘संप’ या शब्दाचा जुना अर्थ एकी, सलोखा. गुजरातीत तो आजही तसाच आहे. मराठीत कामगारांनी एकजुटीने काम थांबवले, तेव्हा त्यालाच तो शब्द लागला. म्हणून शब्दाचे मूळ पाहावे, आणि तो आज कोणाच्या तोंडी, कोणत्या कामासाठी येतो तेही पाहावे. ज्याला दोन्ही कळले, त्याला नोटीस कोणत्याही भाषेत येवो, सहीपूर्वी ती वाचता येते.