दोमिएचा डॉन किहोते : व्यंगरेषेचे दुसरे रूप

ओनोरे दोमिए (१८०८-१८७९) हा एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सचा अग्रगण्य व्यंगचित्रकार होय. राजा लुई-फिलीप यास खादाड राक्षसाच्या रूपात दाखविल्याबद्दल १८३२ मध्ये त्याला तुरुंगवास घडला. १८३५ च्या कायद्यांनी राजकीय व्यंगचित्रांवर पूर्वतपासणी लादली, तेव्हा तो ‘शारिवारी’ या पत्रातून सामाजिक व्यंगाकडे वळला. याच चित्रकाराने सर्वांतिसच्या ‘डॉन किहोते’ (१६०५, १६१५) या कादंबरीवरून केलेली रेखाटने व तैलचित्रे मात्र त्याच्या व्यंगचित्रांपासून वेगळी काढून पाहिली जातात. ही विभागणी पटण्यासारखी नाही.

१८५०-५१ च्या पॅरिस सालोनमध्ये या विषयावरील त्याचे एक चित्र प्रदर्शित झाले होते. पुढे हा विषय त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. १८६३ मध्ये गुस्ताव्ह दोरेची चित्रे असलेली या कादंबरीची फ्रेंच आवृत्ती निघाली. दोरे प्रसंग तपशिलाने सजवितो. दोमिए कोळशाच्या काही रेषा व करड्या छटा यांवर भागवितो. उजाड डोंगर, हडकुळा घोडा, मागे गाढवावर सांचो, एवढेच. वृत्तपत्रीय चित्रांखाली बहुधा इतरांनी लिहिलेले संवाद असत. येथे तेही नाहीत.

तथापि शरीररचना जुनीच आहे. १८३४ च्या संसद सदस्यांच्या चित्रात सुटलेले पोट हेच आरोपपत्र होते. सांचोचे पोट त्याच कुळातले, पण निरपराध. १८५१ च्या सुमारास घडविलेला ‘रातापॉल’ हा बोनापार्टवादी गुंडाचा पुतळा किहोतेइतकाच काटकुळा आहे. उपहासाचे साधन तेच राहिले, आरोपी तेवढा गेला.

१८५२ च्या हुकुमाने व्यंगचित्रांवर पुन्हा बंधने आली. १८६० मध्ये ‘शारिवारी’ने दोमिएस कमी केले व १८६३ च्या अखेरीस परत घेतले. एवढ्यावरून त्याने किहोतेत स्वतःलाच पाहिले, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यास पुरेसा आधार नाही. आणि चित्रे समजण्यास त्याची गरजही नाही.

म्युनिक येथील संग्रहात या मालिकेतील एक तैलचित्र आहे. त्यात किहोतेचा चेहरा कोराच ठेवला आहे. ज्याच्या चित्रांतील चेहरे ओळखू येत म्हणून सरकारने खटला भरला होता, त्या हाताचे हे काम आहे.